मी ‘मागे’ बोलतोय

मी ‘मागे’ बोलतोय. कुणाच्या पाठीमागे नाही, अगदी तोंडावर बोलतोय. माझं नावच ‘मागे’ आहे. फोनच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात एक बाण असायचा ना, तोच मी. चुकून भलतीकडे शिरलात की मला दाबायचं, मी आल्या वाटेनं परत नेतो. कुठे गेला होतात, कशाला गेला होतात, असलं काही विचारत नाही. ते विचारायला घरची माणसं असतात.

माझा जन्म एका खुल्या प्रणालीत झाला. म्हणजे फोन चालवणारी अशी व्यवस्था, जी कुठल्याच कंपनीची नाही. हौशी स्वयंसेवक आपापल्या नोकऱ्या सांभाळून ती घडवतात आणि हवी तशी ती कुणालाही बदलून घेता येते. माझं चित्र एका मुलीनं काढलं. दिवसा ती औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं मांडायची, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर माझं टोक घासायची. “दिसायला साधा आहे, पण कामाचा आहे,” असं ती सगळ्यांना म्हणाली. एखाद्याची अशी ओळख करून देतात तेव्हा त्याचं पुढे काय होतं, ते मला नंतर कळलं.

काही वर्षं बरी गेली. मग स्वयंसेवकांना कायापालटाची हौस आली. बैठक पडद्यावरच भरे, चौकोनाचौकोनांत चेहरे. अर्धा वेळ “माझा आवाज येतोय का?” यात जाई आणि उरलेला अर्धा, तो आला नसता तर बरं झालं असतं, असं वाटण्यात. त्यांतल्या एका गृहस्थांना दिसेल ते काढून टाकायची इतकी आवड की सगळे त्यांना मोकळीकराव म्हणत. त्यांच्या स्वतःच्या खोलीत खुर्चीवरून कपड्यांचा ढीग ओसंडत होता. मोकळी जागा त्यांना दुसऱ्यांच्या फोनमध्ये हवी होती.

“हा बाण कशाला?” ते म्हणाले. “पडद्याच्या कडेवरून बोट आत ओढलं की झालं. सुटसुटीत.”

“पण लोकांना कळणार कसं?” कुणीतरी विचारलं.

“होते हो सवय. लोकांना कशाचीही सवय होते.”

मुलीची आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नव्या कामात डोकं घातलं की तिला बरं वाटे. मतदान झालं, एका मतानं मी हरलो. तिचं मतही माझ्या विरोधात होतं.

माझं चित्र पुसलं गेलं, पण मी फायलींच्या अडगळीत शिल्लक होतो. पुढचं सगळं तिथूनच पाहिलं-ऐकलं. नवी आवृत्ती कुणावर तरी तपासायची म्हणून तिनं ती वडिलांच्या फोनवर घातली. वडिलांची फोनशी जेमतेम ओळख. ते खातं बायकोकडे असे. त्यांनी बायकोचा एक फोटो उघडला. घराच्या गॅलरीतली खुर्ची, ओले केस, तोंडात घास आणि तशीच हसतेय.

“झालं बघून,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “आता मागे कसं जायचं?”

“कडेवरून बोट ओढा, बाबा.”

त्यांचा अंगठा जाड. कडेऐवजी जरा आतच टेकला. फोटो सरकला आणि त्याच्या पुढच्या तारखेचा आला. डोक्याला रुमाल गुंडाळलेला.

“अगं, हे पुढेच जातंय.”

“अजून कडेला, बाबा. एकदम कडेला.”

त्यांनी पुन्हा ओढलं. दवाखान्यातली खाट. पुन्हा ओढलं. नाकात नळी. मग त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला.

“पुढचं मला माहीत आहे गं,” ते म्हणाले. “मला मागे जायचंय.”

त्याच दुपारी तिनं सगळ्या स्वयंसेवकांना कळवलं, “मी माझं मत मागे घेते.” मोकळीकरावांचं उत्तर लगेच आलं. तुमच्या भावना समजू शकतो, पण दिलेलं मत मागे घ्यायची सोय मतदानाच्या पानावर नाही. ती सोय कुणी काढली, असं तिनं विचारलं. “आपणच,” ते म्हणाले. “सुटसुटीत व्हावं म्हणून.”

मग ती कुणाला काही विचारत बसली नाही. वडिलांच्या फोनपुरती तिनं प्रणालीच वेगळी करून घेतली, मला अडगळीतून काढलं आणि त्यांच्या अंगठ्याच्या मापानं चांगलं ढोबळ केलं. मोकळीकराव बघतील तर त्यांना झोप लागायची नाही, असं माझं हल्लीचं रूप आहे. बाकी सगळ्या फोनांवरून मी गेलो. तुमच्याही फोनवर मी नसेन, तर निदान घरातल्या म्हाताऱ्या माणसावर “साधी गोष्ट आहे, कळत कशी नाही?” म्हणून खेकसू नका. ते चुकलेले नसतात. त्यांची वाट कुणीतरी बैठकीत काढून टाकलेली असते.

वडील रोज दुपारी खिडकीशी बसून तो गॅलरीतल्या खुर्चीवरचा फोटो उघडतात. आज बराच वेळ झाला तसं मुलीनं आतून विचारलं, “बाबा, अडकलात का?”

“नाही गं,” ते म्हणाले. “बसलोय जरा.”

तेव्हा आता मीही बोलणं आवरतो. त्यांचा अंगठा माझ्या शेजारी टेकलाय. कधी दाबायचं, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.