माझ्या जन्माला किती वेळ लागला

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. माझं नाव पेग्मॅटाइट. नाव बोजड आहे, पण ते काही मी ठेवलेलं नाही. गिरगावातल्या एका कॉलेजात, भूशास्त्र विभागाच्या काचेच्या कपाटात मी राहतो. तुमची मुंबई ज्या काळ्या पाषाणावर उभी आहे, त्याचे कण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाहीत. माझं तसं नाही. माझ्या अंगावर अभ्रकाचे चमकदार पापुद्रे आहेत, फेल्डस्पार नावाचं गुलाबीसर खनिज आहे आणि मधोमध तुमच्या तळहाताएवढा गारगोटीचा एकच स्फटिक आहे. दगडाने गर्व करू नये म्हणतात. मी थोडा करतो.

आपला जन्म कोणालाच आठवत नाही. तुम्हाला तो आई सांगते, मला माणसांनी सांगितला. पण आई दर वेळी तीच गोष्ट सांगते आणि माणसांनी माझी गोष्ट दर पिढीत बदलली. फार पूर्वीचे काही विद्वान म्हणत, जमिनीतल्या भेगांतून कढत पाणी वाहत गेलं आणि त्याने हे स्फटिक मागे सोडले. दुसरे म्हणत, छे, हा तर शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, थिजून झाला आहे. पुढे दोघांचं भांडण मिटवणारे आले. ते म्हणाले, खोल जमिनीत ग्रॅनाइट थिजत आला की शेवटी थोडा शिलारस उरतो, त्यात पाणी भरपूर असतं, तो भेगांत शिरतो आणि पेग्मॅटाइट होतो. एवढं बहुतेकांना पटलं. मग प्रश्न उरला तो वेळेचा. इतके मोठे स्फटिक वाढायला किती काळ लागला असेल? पुष्कळांनी उत्तर दिलं, फार म्हणजे फारच मोठा काळ.

मला इथे आणलं ते हेमचंद्र सरांनी. तेव्हा ते नुकतेच शिकवायला लागले होते. सिंधुदुर्गातल्या एका अभ्रकाच्या खाणीत त्यांनी स्वतः छिन्नी धरून मला सोडवलं आणि सुटण्याआधीच माझ्यावर पांढऱ्या रंगाने एक बाण काढला. आम्ही बहुधा खडकाच्या भेगेत जन्मतो. भेगेच्या भिंतीपाशी स्फटिक धरू लागतात आणि आत, मधल्या भागाकडे वाढत जातात. भिंत कोणत्या बाजूला होती हे तो बाण सांगत होता. एकदा दगड खाणीतून बाहेर आला की ते नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही.

पुढची सगळी वर्षं सरांनी मला हातात घेऊन शिकवलं. पहिल्याच तासाला ते मला बाकांवरून फिरवत आणि म्हणत, "घाई केली की दगड बारीक होतो. सावकाश वाढतं तेच मोठं होतं, ही काळ्या दगडावरची रेघ समजा." त्यांचं हे बोलणं नुसतं दगडांबद्दल नव्हतं. नापास झालेल्या मुलांना, नोकरी न मिळालेल्यांना, घरची अडचण सांगत रडणाऱ्या मुलींना ते मलाच दाखवत. वेळ लागतो, असं सांगत. कितीतरी जण मला हात लावून डोळे पुसून गेले. मला ते फार आवडायचं.

मग सर निवृत्त झाले. एका वर्षी तपासणी समिती येणार म्हणून विभागात धावपळ उडाली. सगळ्यांनी मिळून आम्हा दगडांना थिनरने घासलं आणि वर वार्निश मारलं. माझा नंबर, ज्यावरून वहीत खाणीची नोंद सापडते, खालच्या चिठ्ठीवर होता म्हणून वाचला. बाण मात्र पुसला गेला. समितीने कपाटाकडे पाहून "छान ठेवलंय" म्हटलं आणि ती पुढे गेली. त्यानंतर मला कोणी बाहेर काढलं नाही. वर्गातली मुलं कमी होत गेली, कपाटाचं कुलूप गंजलं. मी चकाकत होतो आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

मित्रांनो, ते कुलूप मानसीने उघडलं. लोअर परळच्या बुद्धविहारामागच्या चाळीतली ही मुलगी एकेकाळी सरांच्या शेवटच्या वर्गात होती. सरांनी माझा दाखला देऊन जिला धीर दिला, त्यांतलीच ती एक. आता ती माझ्याच जातीच्या दगडांवर संशोधन करत होती. एका दुपारी ती दादरहून सरांना टॅक्सीने घेऊन आली, कारण आमच्या विभागात एक रिवाज आहे. ज्याने दगड आणला तो हयात असेपर्यंत त्याच्या होकाराशिवाय त्या दगडाला करवत लावत नाहीत.

"सर, हा कापायचाय," मानसी म्हणाली.

"हा?" सर काठी टेकवत खुर्चीत बसले. "दुसरा घे ना. एवढे पडलेत."

"ते सगळे दुकानातून आणलेत सर. कुठून आले, कोणालाच माहीत नाही. याची खाण माहितीय. आणि तिकडे मी जाऊन आले, ती पाण्याने भरलीय. आता हा एकच आहे."

"आणि कापून काय कळणार?"

"गारगोटी वाढताना शिलारसातली दुसरी द्रव्यं तिच्यात थोडी थोडी अडकतात. वाढ हळू असेल तर कमी, फास्ट असेल तर जास्त. भिंतीकडून आत मोजत गेलं की वेग कळतो." तिने माझ्या स्फटिकावर बोट ठेवलं. "लॅबमधे लोकांनी असा शिलारस बनवून एकदम थंड केला सर. तर स्फटिक थोडेच धरले, पण मोठे झाले. बाहेरच्या काही दगडांत तर वाढ दिवसांत झालेली दिसलीय. मला वाटतं, हापण तसाच असेल."

"दिवसांत," सर म्हणाले. मग त्यांनी मला मांडीवर घेतलं. मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"नको, मानसी. हा राहू दे."

मानसीने वाद घातला नाही. "ठीक आहे सर," एवढंच म्हणाली. तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगून ठेवलं होतं, की दगड नसेल तर विषय बदल. बदलला असता तर आधीची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. हे तिने सरांना सांगितलं नाही. मला माहीत होतं, कारण कपाटापाशी उभी राहून ती फोनवर आईशी बोलली होती.

सरांनी मला उलटसुलट केलं. "बाण कुठे गेला?"

"वार्निशच्या वेळी पुसला. तेच विचारणार होते. तुम्ही हो म्हटलं असतं तरी भिंत कुठल्या बाजूला होती ते फक्त तुम्हालाच माहितीय."

मित्रांनो, आता सरांना नकाराचीही गरज नव्हती. आठवत नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं. वयाची सबब हाताशी होती आणि कोणी शंकाही घेतली नसती. पण मला माहीत होतं की त्यांना आठवतंय. त्यांचं बोट केव्हाच त्या बाजूवर जाऊन थांबलं होतं.

"खडू आहे का?" त्यांनी विचारलं.

मानसीने फळ्यापासून खडूचा तुकडा आणून दिला. सरांनी माझ्या एका बाजूला जाड रेघ ओढली. वार्निशवर खडू उमटेना, तेव्हा पुन्हा ओढली. "ही भिंतीकडची बाजू. इथून सरळ आत काप, म्हणजे गारगोटी आरपार मिळेल. तिरकं कापलंस तर तुझे आकडे चुकतील."

दुसऱ्या दिवशी करवतीवर हिऱ्याचं पातं फिरू लागलं. दगडाला दुखत नाही असं तुम्ही समजत असाल. मला दुखलं. ज्या स्फटिकाचा मी गर्व करत होतो, तोच मधोमध चिरला गेला. एक भाग कपाटात परतला, दुसऱ्याची कागदासारखी पातळ चकती झाली. मी आता दोन ठिकाणी असतो.

तपासणीला बरेच महिने गेले. निकाल आला तेव्हा मानसी ती चकती घेऊन दादरला सरांच्या घरी गेली. सर अंथरुणावर होते. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. माझ्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"भिंतीपाशी थोडा हळू. मग वेग वाढत गेला. सगळा वेळ मिळून काही दिवसच, सर."

"म्हणजे जन्मभर मी पोरांना चुकीचं सांगितलं."

"तेव्हा तेच माहीत होतं, सर. आणि मला तुम्ही वेळ लागतो म्हणालात, म्हणून मी टिकले ना."

सर हसले, पण डोळे भरून आले होते. "तू वर्गात शिकवशील तेव्हा तुझी गोष्ट शेवटची आहे असं सांगू नकोस. आणि विभागात कळव, या दगडासाठी यापुढे कोणाची परवानगी नको. ज्याला प्रश्न पडेल त्याने कापावा."

सर त्याच वर्षी गेले.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असं सगळे सांगतात, मीही सांगतो. पण वार्निश मारून जपू नका. आमचा ठावठिकाणा जपा, आमच्यावरच्या खुणा जपा आणि मग बिनधास्त विचारा. माझ्यासारखे सगळेच दगड इतक्या घाईत जन्मले का, हे अजून ठरलेलं नाही. विद्वानांचा वाद चालूच आहे. माझा अर्धा भाग कपाटात शिल्लक आहे आणि कुलूप उघडं असतं. या.