साखरमहाराजांचं अर्धं औषध

चांदूर बाजारच्या रस्त्यावर साखरमहाराजांच्या मंडपात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. कुठलीही सूज महाराज मंत्राच्या साखरेनं उतरवतात, अशी ख्याती! धामणगावचा एक जवान माणूस ‘तसल्या’ जागेच्या सुजेतून मोकळा झाला, तेव्हापासून तर विचारूच नका.

शकुन पुढेच बसली होती, बधिर. मुतखड्यासाठी घातलेली लघवीची नळी काढल्यावर तिच्या नवऱ्याची, गजेंद्रची, पुढची कातडी मागेच अडकून राहिली होती. टोक सुजून टरारलं होतं, लघवी होईना. पण दवाखान्यात त्या जागेचं नाव कसं घ्यायचं? म्हणून नणंद चंदानं दोघांना इथं आणलं.

"करणी आहे माय, शेजारच्या वावराच्या धुऱ्यावरची, बांधावरची!" महाराज गरजले. "माही साखर करणी पिऊन टाकते!"

साखरेला करणीची एवढी तहान कशी, हे कुणी विचारलं नाही. महाराजांनी रबरी हातमोज्याचं बोट कापलं, त्यात साखर भरली, मंत्र पुटपुटले आणि पडद्याआड ते गजेंद्रला चढवलं. वरून काळा दोरा आवळला. म्हणे, शक्ती सांडू नये!

संध्याकाळी मंडपातच गजेंद्र गुरासारखा ओरडायला लागला. शकुनला ना रडू आलं, ना राग. चंदा महाराजांवर भरवसा ठेवून तिथंच थांबली. शकुननं ऑटो केला आणि नवऱ्याला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर आकांक्षानं आधी दोरा कापला. मग ते मोज्याचं बोट पाहून ती थबकली. "ताई, हे महाराज आधी काय करायचे?"

"अकोल्याले दवाखान्यात कामाले होते म्हनतात."

"तरीच! ही तर आमचीच पद्धत. त्यांनी अर्धीच चोरली."

तिनं दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि खालच्या चहावाल्याकडून वाटीभर साखर मागवली. ती सुजेवर थापत म्हणाली, "कैरीच्या फोडींवर साखर घातली की पाणी सुटतं ना? तसंच ही सुजेतलं पाणी ओढते. धामणगाववाल्याची सूज नवी असेल, कातडी आपोआप सरकली असेल. नाही सरकली, तर हातानं पुढे आणावी लागते, कधी छेदही द्यावा लागतो. महाराजांनी वरून दोऱ्यानं रक्तच अडवलं. आणखी उशीर झाला असता तर मांस काळं पडलं असतं."

तास-दोन तासांत सूज ओसरली. डॉक्टरनं हळूहळू दाबत कातडी जागेवर आणली. गजेंद्रला लघवी झाली आणि तो झोपून गेला. शकुन तशीच बसून राहिली. सुटलो, असंही तिला वाटेना.

फोन वाजला. चंदा होती. "वैनी, दादाले बरं वाटलं का वो? साखरेनंच ना? महाराज इथं सांगून राहिले, त्याईचाच चमत्कार म्हनून. आनखी दोघं जन दोरा बांधून बसले आहेत पडद्यामागं."

"साखर चहावाल्याची होती, चंदा. मंत्र कोनी म्हटला नाई. तू आधी त्या दोघाईचे दोरे काप. मंग त्याईले दवाखान्यात घेऊन ये, अन् कुठं सुजलं ते डॉक्टरले तोंड उघडून सांग. तुह्या दादाले करणीनं नाई, आपल्या लाजेनं मारलं असतं."