सीटखालची हिरवी पुडी

मोजे विणणाऱ्या यंत्रांचा डॉक्टर म्हणून शेतोउ गावात माझी बऱ्यापैकी हवा आहे. यंत्र अडलं की कारखानेवाले म्हणतात, "चिन-तुंगला बोलवा." मी जातो, दोन स्क्रू पिळतो, कपाळाला आठ्या घालतो आणि यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवतो. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून यंत्र ऐकतं म्हणे. हिरवीच हं! पिवळी ठेवली की यंत्र रुसतं. अख्खं तैवान ठेवतं, तिथं मी कोण मोठा लागून गेलो? एकदा ठेवलेली पुडी हलवायची नाही, आणि मुदत संपायच्या आत बदलायची. एवढंच शास्त्र.

तर या डॉक्टरनं एक जुनी मोटरसायकल घेतली. हौस नव्हती हो. आई गेल्यापासून आप्पा उंबऱ्याबाहेर पडेनात. पूर्वी दर रविवारी दोघं अशाच गाडीवरून वांगकुंग बंदरावर कालवांची भजी खायला जायची. आता बंदराचं नाव काढलं की आप्पा म्हणायचे, "मला नाही जायचं. भज्यांना चव राहिली नाही." मी हिंडून हिंडून त्याच बनावटीची, त्याच लाल रंगाची गाडी शोधून आणली. त्यांनी खिडकीतून पाहिली, "हं" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. माझं तोंड एवढंसं झालं.

खूप मागे लागलो तेव्हा कुठं एका रविवारी यायला तयार झाले. आदल्या दिवशी मी बॅटरी साफ केली, सीटखाली तिच्या शेजारी पुडी आहे याची खात्री केली आणि बायकोला, पी-यूनला, मागे बसवून गावभर फिरवून आणलं. गाडीनं तक्रारीचा चकार शब्द काढला नाही.

रविवारी आप्पा जुनं जाकीट चढवून, बूट घालून आले. इंजिन सुरू होतं, दिवा लागलेला. ते मागे बसले आणि सगळं गपकन बंद. दिवा गेला, हॉर्न मुका. "एक मिनिट हं आप्पा," म्हणत त्यांना उतरवलं, तर दिवा लागला! पुन्हा बसवलं. पुन्हा बंद.

"मी बसलो की बंद पडते," आप्पा हळूच म्हणाले.

"छे हो, किरकोळ आहे. आत्ता बघतो."

आणि मी बघायला लागलो. किल्लीचं भोक फुंकलं. हॅंडलवरची बटणं खोलली. पुढचा दिवा उतरवून आतल्या सगळ्या तारा उपसल्या, आणि कुठली कुठं होती तेच विसरलो. एक स्क्रू गटारात गेला. पी-यून दारात हाताची घडी घालून बघत होती.

"अहो, सीट उघडा की! बॅटरी तिथंच असते ना? का मोज्यांच्या यंत्रात दिव्यात असते?"

"सीटखाली पुडी आहे. ठेवलेली पुडी हलवायची नसते."

"नाहीच हलवायची!" आप्पा एकदम ओरडले.

मला भरून आलं. जन्मभर माझ्या पुड्यांची टिंगल करणाऱ्या माणसानं आज माझी बाजू घेतली होती! मी नव्या जोमानं दिव्यात डोकं घातलं. सगळं जोडून त्यांना पुन्हा बसवलं. पुन्हा बंद.

आप्पा उतरले. "राहू दे रे चिन-तुंग. तुझ्या आईला आवडत नसेल. तिच्याशिवाय निघालो ना मी." पायरीवर बसून ते बुटाची नाडी सोडायला लागले. आज ते बूट निघाले तर पुन्हा पायात चढणार नव्हते.

"पुडी गेली खड्ड्यात!" पी-यूननं माझ्या हातून किल्ली हिसकावली आणि सीट उघडली.

आत दोन पुड्या होत्या. खाली माझी, आणि तिच्यावर एक कोरी, टम्म फुगलेली. मागे वजन पडलं की ती वरची पुडी बॅटरीच्या तारेवर दाबायची आणि सैल तार सुटायची, वजन उठलं की पुन्हा टेकायची. तार सैल कशी राहिली म्हणता? आदल्या दिवशी बॅटरी साफ करून डॉक्टरसाहेबांनी नट बोटानंच फिरवून सोडला होता.

"ही दुसरी कुणाची?" मी विचारलं. पी-यूननं मान हलवली. आम्ही दोघांनी आप्पांकडे पाहिलं. एक बूट हातात, कान लालबुंद.

"तुझ्या पुडीची मुदत गेल्या महिन्यातच संपलीये," ते बुटाशी बोलल्यासारखं बोलले. "सकाळी बघितलं मी. यंत्रांचा डॉक्टर म्हणे!"

"पण तुम्हाला तर जायचंच नव्हतं."

"त्या जुन्या पुडीपायी आज वाटेत बंद पडली असती, तर तू पुन्हा विचारलं असतंस का मला?"

मी पाना घेतला आणि नट आवळत बसलो, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. पी-यून आत जाऊन उगाच भांडी वाजवायला लागली. उठलो तेव्हा आप्पांचा बूट पुन्हा पायात होता.

ते बसले. दिवा तसाच राहिला. त्यांनी आपली पुडी जाकिटाच्या आत घातली आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. "ही माझ्यापाशी राहू दे. तुझा काय भरवसा!"

वांगकुंगपर्यंत ती पुडी त्यांच्या छातीच्या आणि माझ्या पाठीच्या मध्ये कुरकुर वाजत होती. रस्ता चांगला होता, तरी मी गाडी जरा हळूच चालवली.