नंबरप्लेटवर बसलेला शनी

सोमवारी सकाळी आमच्या बाजारतळावर इतक्या गाड्या उभ्या होत्या, की भाजीवाल्यांना पाल लावायला जागा उरली नव्हती. ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकली, उसाची एक रिकामी ट्रॉलीसुद्धा. सगळ्यांची तोंडं एकाच मांडवाकडे. मांडवात डोळ्यांवर भगवी पट्टी आणि कानांवरून भलामोठा फेटा बांधून अंकनाथ महाराज बसले होते. गाडी न बघता ते गाडीची कुंडली सांगत होते.

रीत ठरलेली होती. रविराज नावाचा शिष्य गाडीपाशी जाई, नंबरप्लेट माईकवरून मोठ्यानं वाचून दाखवी आणि कापूर लावायला पडद्यामागे जाई. मग संबळ वाजे. संबळ थांबला की महाराज बोलू लागत.

"इस्कूटर हाय. सोळा सालच्या दिवाळीत घेतली. इमा संपत आलाय. मालकीण... रा... बा... मधलं दिसंना. मधी धुकं हाय."

"राहीबाई," असं राहीबाईंनीच पुरवलं आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. गर्दी हळहळली. आनंदानं हळहळायची आमच्याकडे जुनी सवय आहे.

त्या दिवसांत सरकारी हुकमानं सगळ्यांनी जुन्या गाड्यांना नव्या पाट्या बसवून घेतल्या होत्या. त्यांच्या कोपऱ्यात एक बारीक चकाकणारं चक्र असतं. महाराजांनी तेच धरलं होतं. "पाटी आरटीओनं दिली, पन तिच्यावरचं चक्र जागं करनारा ह्यो बसलाय," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. आमच्यापैकी कुणी ते चक्र कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी म्हातारी माणसंसुद्धा वाकून मोटारसायकलींना नमस्कार करत होती.

मी गावचं वाचनालय सांभाळतो. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, म्हणून मी मागे, लाऊडस्पीकरच्या खांबाला टेकून उभा होतो. पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या माणसाला हसू यायला हवं होतं. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला होता. महाराज चुकतच नव्हते.

मग आमचे माजी सरपंच पुढे झाले, कारभारी हे त्यांचं नावच, आणि अश्विनीच्या व्हॅनचा नंबर सांगून विचारलं. अश्विनी माझी शेजारीण. नवरा गेल्यावर तिनं जुनी व्हॅन घेतली आणि गावातली पोरं कोपरगावच्या शाळेत न्यायला-आणायला लागली. घर त्यावरच चालतं. कारभाऱ्यांची नात संस्कृती त्याच व्हॅननं जाते.

"चार, पाच, सात, एक," महाराजांनी बोटं मोडली. "बेरीज सतरा. एक न् सात आठ. आठ म्हंजी कोन?"

शनिशिंगणापूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे हे कुणाला सांगावं लागत नाही.

"शनी बसलाय पाटीवर. लेकरं बसवू नगा. गाडी आवसेच्या आत देवाच्या पायाशी घाला. रविराज तिची वेवस्था लावंल."

दुसऱ्या दिवशी व्हॅन गावातून निघाली तेव्हा मागची बाकं रिकामी होती. संस्कृती ओसरीवर दप्तर घेऊन रडत होती आणि तिची आजी तिला कारभाऱ्यांच्या जीपमध्ये कोंबत होती. रविराज आदल्या संध्याकाळीच अश्विनीच्या दारात येऊन टायर दाबून बघून गेला. देवाला टायरची काळजी असते हे मला नवीन होतं.

अश्विनी वाचनालयात आली. उभीच राहिली.

"नाना, तुमी एवढं वाचता. एवढंच सांगा, खरं असतंय का हे?"

"मला वाटतं, नसावं," मी म्हणालो.

"'नसावं'वर पोरं गाडीत बसायची न्हाईत, नाना."

ती गेली आणि मी बराच वेळ एकच पान वाचत बसलो. मग मनाशी काही गोष्टी मांडल्या. महाराज आधी नदीकाठच्या घाटावर बसले होते. तिथे देव आला नाही म्हणून बाजारतळावर आले. घाटावर आमच्या मोबाईललाही रेंज नसते. बाजारात गर्दी वाढली, सगळे मोबाईल रांगू लागले, की संबळही लांबत जाई. आणि नावाच्या मधोमध ते धुकं. पट्टी डोळ्यांवर होती, तर धुकं फक्त नावातच का? माझीच काही चूक होत असेल असं दहादा वाटलं, तरी संध्याकाळी अश्विनीबरोबर कोपरगावला गेलो.

तिला गाडी शिकवणाऱ्या वृषाली मॅडम तिथे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. मी अडखळत सगळं सांगितलं. रेंजपाशी त्यांनी मान वर केली, आणि धुक्याला आल्यावर त्या इतक्या हसल्या की गाडी शिकणाऱ्या मुलानं घाबरून ब्रेक दाबला.

"पुढच्या सोमवारी येते," त्या म्हणाल्या. "तोवर गाडी कुणाला द्यायची नाही, अश्विनी."

पुढच्या सोमवारी कारभाऱ्यांनी स्वतःची जीप आणली. एवढे दिवस दुसऱ्यांच्या गाड्यांची कुंडली ऐकून त्यांनाही मान हवासा वाटला असावा. रविराजनं नंबर वाचला आणि तो पडद्यामागे गेला. संबळ वाजला. फारच वाजला. वाजवणाऱ्यानं मधेच हात बदलला.

"नगरकडची जीप हाय," महाराज अखेर म्हणाले. "दोन फुल्या... न्हवं, धुकं हाय. मालकाचं नाव सू... भा... न."

गर्दी कारभाऱ्यांकडे बघू लागली. कारभारी घसा खाकरून म्हणाले, "महाराज, मी कारभारी."

पुन्हा संबळ. मग महाराज मंद हसले. "तेच. मागच्या जन्मीचं नाव हाय तुजं."

एखादा चिडला असता. कारभारी खूश झाले. "म्हंजी मागच्या जन्मी बी जीप मपलीच व्हती," असं त्यांनी शेजारच्याला ऐकवलं.

मी खांबापाशीच होतो. रविराजनं जाताना माईक तिथेच टेकवलेला मला दिसला नाही. मी आपला स्वतःशीच पुटपुटलो, "सूर्यभान तर जामखेडचे. यांनी जीप त्यांच्याकडूनच घेतली ना?"

ते सबंध बाजारतळानं ऐकलं. माझाच आवाज लाऊडस्पीकरवरून परत माझ्यावर आला आणि मला पळून जावंसं वाटलं. पण वृषाली मॅडम तोवर पुढे आल्या होत्या.

"कारभारी, तुमच्या मागच्या जन्माचा फोन नंबर आहे का?"

होता. मॅडमनी तो कारभाऱ्यांच्याच मोबाईलवरून लावायला लावला आणि मोबाईल माईकसमोर धरला.

"घावला का एकदाचा," पलीकडून आवाज आला. "अवो कारभारी, गाडी तुमी पळवताय न् सिग्नल तोडल्याचं चलन माह्या मोबाईलवर येतंय. चार वर्सं झाली. गाडी तुमच्या नावावर कधी करून घेताय?"

आधी संबळवाला हसला. मग कुणीच थांबेना.

मॅडमनी हसू ओसरू दिलं आणि स्वतःचा मोबाईल वर धरला. गाडीचा नंबर सरकारी ॲपमध्ये टाकला, की गाडी कोणती, कधी नोंदवली, विमा कधी संपतो, सगळं दिसतं. मालकाचं नाव अर्धंच दिसतं, मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात. "हे तुमचं धुकं," त्या म्हणाल्या. आरटीओत मालक सूर्यभान, म्हणून देवाकडेही मालक सूर्यभानच. आरटीओला जे माहीत नाही, ते महाराजांच्या देवालाही माहीत नाही. अश्विनीनं जाऊन पडदा बाजूला सारला. कापराचा पत्ता नव्हता. रविराज मोबाईल तोंडाशी धरून बसला होता. राहीबाईंनी महाराजांचा फेटा स्वतः उतरवला. कानात मोबाईलचं बिनतारी बोंडूक होतं, वर बारीक निळा दिवा लुकलुकत होता.

"आणि शनीचं काय?" कुणीतरी विचारलं. भीती अशी लगेच जात नाही.

"एम एच म्हणजे महाराष्ट्र," मॅडम शाळेत शिकवतात तशा सांगू लागल्या. "सतरा म्हणजे श्रीरामपूरचं कार्यालय, सोळा म्हणजे नगरचं. पुढची अक्षरं, एक मालिका संपली की बदलतात. शेवटचे आकडे म्हणजे रांगेतली जागा. कुणी पैसे भरून आवडीचा नंबर घेतला नाही, तर मिळेल तो पुढचा. अश्विनीची गाडी त्या दिवशी एक गाडी आधी नोंदवली असती, तर बेरीज सात आली असती. दर नवव्या गाडीची बेरीज आठ येते. एका शनीनं किती गाड्यांवर बसायचं? आणि ते चक्र सरकारी शिक्का आहे, नकली पाटी ओळखता यावी म्हणून."

अश्विनी तोवर महाराजांच्या मोटारीकडे गेली होती. मोटारीच्या पाटीवर झेंडूचा जाड हार होता. तिनं हार उचलला, नंबर बघितला आणि मोबाईलमध्ये टाकला. संबळ कुणी वाजवला नाही, तरी उत्तर आलं.

"विमा संपून वरीस झालंय महाराजांचा," ती म्हणाली. "माही व्हॅन बघा. विमा हाय, पासिंग हाय. ब्रेक मी रोज बघती."

महाराज त्या दुपारी गेले. संबळवाला गावातच राहिला. त्याला लग्नसराईत काम मिळतं.

हे लिहिताना मला अजूनही वाटतं, की मी त्या दिवशी आधीच बोलायला हवं होतं, माईक नसतानाही. पण एवढं नक्की सांगतो. पाटीवरचा नंबर गाडी कुठल्या कार्यालयात, कितव्या जागी नोंदवली एवढंच सांगतो, आणि तेही आपण खरं कळवलं असेल तर. त्याच्या बेरजेत कुणी बसत नाही. लेकरं गाडीत बसवताना बेरीज करू नका. ब्रेक बघा, टायर बघा, कागद बघा आणि चालवणाऱ्याकडे बघा. शंका आली तर विचारा. माझ्यासारखं पुटपुटत विचारलं तरी चालतं.

मंगळवारी सकाळी व्हॅन कारभाऱ्यांच्या दाराशी थांबली. संस्कृती धावत चढली. मागून कारभारी आले, हातात जीपचे कागद.

"अश्विनी, मलाबी कोपरगावापर्यंत सोड. फुडं यष्टीनं जातो श्रीरामपूरच्या हापिसात. मागच्या जन्मातून सुटका करून घेतो."