धाकटीचा शिक्का

"या दोन्ही चिप एकाच आईची लेकरं आहेत हो," चिपवाला साखर पेरत म्हणाला. "थोरलीला तुमचं सॉफ्टवेअर ओळखतं, धाकटीलाही ओळखेल. यादीत तिचा नंबर घाला. एक ओळ, झालं काम."

मला तिथेच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. भावंडं सारखी असतात हे मला नका सांगू, मला सख्खी बहीण आहे. ताई नर्स आहे. स्क्रीनवर आकडा दिसला की तिचा विश्वास बसतो. सकाळीच फोनवर वॉर्डात आलेल्या नव्या स्क्रीनचं कौतुक करत होती, किती लख्ख दिसतं म्हणे. माझा तर घरातल्या घड्याळावरही विश्वास नाही.

असले स्क्रीन आम्हीच बनवतो. प्रत्येक खाटेवरच्या पेशंटची नाडी, ऑक्सिजन केबलमधून नर्सच्या टेबलावर येतं. केबल जिथे लागते तिथे नेटवर्कची चिप असते, आणि त्या चिपशी कसं बोलायचं हे स्क्रीनला शिकवणारा ड्रायव्हर मी लिहिते. थोरली चिप बनायची बंद झाली, म्हणून ही धाकटी आणली.

"सगळ्या चाचण्या पास आहेत ना? मग होकार देऊन टाक," साहेब म्हणाले. बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते. एरवी हा माणूस डोळे वटारल्याशिवाय बोलत नाही.

चाचण्या पास होत्या, पण आमच्या चाचण्यांत आम्ही नेहमी धडधाकट आकडेच पाठवतो. मुद्दाम खोटं कुणी पाठवत नाही. मी पाठवलं. प्रत्येक आकड्यासोबत त्याचा ताळा, म्हणजे त्या आकड्यावरूनच काढलेली पडताळणीची संख्या, येतो. चिपने तो जुळवून बघायचा, जुळला तर 'तपासलं' असा शिक्का मारायचा, आणि त्या शिक्क्यावर ड्रायव्हर डोळे मिटून भरवसा ठेवतो. मी ताळा तसाच ठेवला आणि नाडीचा आकडा बदलला. थोरलीने तो फेकून दिला. धाकटीने बिनदिक्कत शिक्का मारला. पुन्हा पाठवला, पुन्हा शिक्का. बया बघतच नव्हती.

चिपवाल्याला फोन लावला.

"हां, ते होय," तो म्हणाला. "छोट्या संदेशांचा ताळा ती बघत नाही. स्वस्तात बसवायची होती ना. पण आजवर कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करणार कोण? चुकलेला आकडा?"

माझं डोकं फिरलं होतं. तशीच साहेबांच्या खोलीत गेले. "धाकटीचा शिक्का मी मानणार नाही. ताळा आपल्या ड्रायव्हरनेच तपासायचा. धाकटी बसवलेले नमुन्याचे स्क्रीन द्या, बदललेला ड्रायव्हर त्यांच्यावर आधी घालते."

साहेबांच्या मागचं, ते स्क्रीन ठेवायचं काचेचं कपाट रिकामं होतं.

"कुठे आहेत ते?"

"वापरून बघायला दिलेत. एका हॉस्पिटलला. ती एक ओळ चिपवाल्याकडूनच घालून घेतली. तू नसत्या शंका काढत बसली असतीस."

ताई सकाळी कौतुक करत होती तो नवा स्क्रीन मला आठवला. तिथेच उभी राहून ताईला फोन लावला.

"नव्या स्क्रीनच्या मागे आमच्या कंपनीचं नाव आहे का बघ."

"आहे की. अगं, तुझाच आहे होय? सांगायचं नाही का!" तिला कोण आनंद झाला. "सगळ्यांच्या नाड्या अगदी झकास दाखवतोय."

"ताई, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. सगळ्यांना हाताने तपास. आत्ता."

तिने का म्हणून विचारलं नाही. फोन बहुतेक तसाच खिशात टाकला, कारण मला तिची पावलं ऐकू येत होती, आणि मग तिचा आवाज.

"स्क्रीनकडे कुणी बघू नका. मनगटं धरा."