नखाएवढा चतुर

आटपाट खेडं होतं, डोंगराच्या कुशीत भाताची खाचरं होती, खाचरांच्या डोक्यावर तळं होतं. तिथं मी किनू, माझी नात सायो आणि देव्हाऱ्यात फोटोतले आमचे हे, तोकुझो, असे तिघं राहायचो.

नगरपालिकेनं तळं बुजवायचं ठरवलं. तिथला नखाएवढा लाल चतुर अजून आहे, असा मापासकट पुरावा बोनचा, म्हणजे पितरांचा, सण संपायच्या आत दिला तरच तळं राहणार होतं; तळं गेलं की आमची खाचरंही कोरडी.

सायो हट्टाला पेटली. मला घेऊन हिराबेच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली.

"ही आखूड लेन्स घे, पोरी. वीतभर अंतरावरून चतुराच्या मिशा मोजशील," हिराबे म्हणाला.

"वीतभर गेले तर माझी सावली पडेल त्याच्यावर. लांबून टिपणारी द्या, काका."

"जड आहे गं. मान मोडेल."

"मोडू दे. मान माझी एकटीची आहे, तळं सगळ्यांचं."

मी मनातून सुखावले. बोनच्या तीन दिवसांत पितर चतुरावर बसून घरी येतात. त्याला हात लावायचा नाही, हे मीच तिला शिकवलेलं.

दुसऱ्या सकाळी पितरांना घरी यायला वाहन म्हणून देव्हाऱ्यापुढे काकडीचा घोडा ठेवून आम्ही तळ्यावर गेलो. चतुर लव्हाळ्याच्या काडीवर बसला होता. तो उडाल्यावर काडी मोजायची, असं सायोनं ठरवलेलं. ती दोन हात लांब चिखलात पालथी पडली, श्वास रोखला आणि एकच फोटो काढला. तळ्यावर तिसरं कुणी नव्हतं.

नगरपालिकेतल्या बाईंनी फोटो पडद्यावर मोठा केला.

"वा! अंगठ्यावर बसवलात, म्हणून माप लगेच कळलं. पण आजी, तुमच्या वयाच्या माणसानं बोनमध्ये चतुर पकडावा?"

काडी नव्हतीच. चतुराच्या पायांखाली अंगठा होता, रेघन् रेघ दिसत होती, आणि मधोमध चिरलेलं नख. कोयता लागून चिरलेलं ह्यांचं ते नख मी चाळीस वर्षं कापून दिलं होतं.

सायोनं माझे अंगठे पाहिले, मग स्वतःचे. "आजी, काय सांगायचं यांना?" ती कुजबुजली.

"तळं वाचतंय ना? मग गप्प बस."

तळं वाचलं. खाचरांत पाणी खळाळलं, भात असा पिकला की कणग्या पुरल्या नाहीत. आमचं फळफळलं तसं सगळ्यांचं फळफळो. तळ्याकाठी नगरपालिकेनं फलक लावला, त्यावर तोच फोटो. सायो जाता-येता हात जोडते. मी मात्र थांबून नीट बघते. फलक लागला तेव्हा नख मी कापायचे तसं आखूड होतं.

आता वाढलंय.