मजेत असलेल्या माणसाचा दावा

आमच्या ह्यांना कोणीही विचारो, ‘कसं काय?’, उत्तर एकच. ‘मजेत!’ दाढ सुजून गाल भोपळ्याएवढा झाला तेव्हाही मजेत. सासूबाई गेल्या त्या दिवशी दारात आलेल्या माणसालाही मजेत. तो बिचारा सांत्वनाला आला होता. आत यावं की परत जावं, त्याला कळेना. ह्यांचं केस कापायचं दुकान आहे, आणि सगळी गल्ली ह्यांना ‘मजेत’ म्हणूनच ओळखते. ‘मजेतकडे डोकं देऊन येतो,’ असं म्हणून पोरं घरातून निघतात.

अशा माणसाने औषध कंपनीवर दावा ठोकला. म्हणजे मी ठोकायला लावला, खोटं कशाला बोलू?

झालं असं की ह्यांना मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी एक नवी गोळी लिहून दिली. साखर उतरली, नाही असं नाही. पण पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. डॉक्टर दर वेळी विचारायचे, ‘कसे आहात?’ आणि ह्यांचं आपलं ठरलेलं. डॉक्टर लिहायचे, ‘तक्रार नाही.’ एकदा मी ह्यांचा मोजा ओढून काढला तेव्हा आत अंगठा काळाठिक्कर. मग कापण्यावाचून इलाज राहिला नाही. पुढे कळलं की त्या गोळीपायी बोटं गेलेली माणसं पुष्कळ आहेत आणि कंपनीला ते आधीपासून ठाऊक होतं. पाकिटातल्या कागदावर मात्र पायाबद्दल अवाक्षर नाही! मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘आपल्या प्रकृतीस शुभेच्छा.’ म्हणजे आमचा अंगठा घेतला तो घेतला, वर आम्हालाच अंगठा दाखवला.

आमची वकीलबाई तरुण, चुणचुणीत. पण ह्यांच्यापुढे तिनेही हात टेकले.

‘काका, कंपनी म्हणते की या माणसाला कधी काही त्रासच नव्हता. न्यायाधीशांना ते पटलं तर आपला दावा पहिल्याच दिवशी बाहेर. तुम्हाला काय होतंय ते तुमच्या तोंडून त्यांना ऐकायचंय, बास.’

‘सांगतो की!’

‘मग सांगा. कसे आहात?’

‘मजेत!’

वकीलबाईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग घरी तालीम सुरू झाली. दुकानातलं काळं कापड, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधतात ते, अंगावर घेऊन मी कंपनीचा वकील व्हायची. कापडाला चिकटलेले लोकांचे केस मानेला टोचायचे, त्यामुळे माझा आवाज आपोआपच करडा लागायचा.

‘कसे आहात?’

‘म... म... बरा आहे.’

‘बरा नाही! दुखतंय म्हणा!’

‘अगं, माणूस एवढ्या आपुलकीने विचारतो. त्याला कशाला पिडायचं?’

‘तो आपुलकीने नाही विचारत, तुम्हाला हरवायला विचारतो!’

‘तरी विचारतो ना,’ हे म्हणाले. आता या माणसापुढे कोणी कपाळ फोडून घ्यावं? शेवटी ‘पाय दुखतो’ एवढं म्हणायला शिकले. पण तेही अशा हसऱ्या चेहऱ्याने, की ऐकणाऱ्याला वाटावं, घरी चहाला बोलावतायत.

कोर्टाची खोली लहान होती. खुर्च्या टणक, आणि माईक मध्येच किंचाळायचा. कंपनीचे वकील गुळगुळीत, कपड्याला एक सुरकुती नाही. हे माझ्या कानाशी लागले. मला वाटलं, घाबरलेत.

‘त्यांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा लांब आहे,’ हे म्हणाले. ‘कोणी कापलेत कोण जाणे!’

ह्यांना साक्षीला बोलावलं. वकील छान हसत पुढे आले, अगदी ओळखीचं गिऱ्हाईक दुकानात शिरावं तसे. ‘काय काका, कसं काय?’

‘मजेत!’

झालं! सगळी तालीम पाण्यात. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, उठावं आणि ह्यांना खुर्चीसकट घरी न्यावं.

‘आणि पाय?’

‘पायही मजेत.’

वकिलांनी न्यायाधीशबाईंकडे असं पाहिलं, जणू आता आणखी काय हवं? तेवढ्यावर बसले असते तर जिंकले होते. पण माणसाला चव लागली की सुटत नाही. ‘मग दुकानही जोरात असेल. वस्तरा चालतोय ना झकास?’

ह्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

‘वस्तरा नाही धरत मी आता.’

‘हल्ली सगळेच दाढ्या राखतात, म्हणून ना?’

‘तसं मी हिला सांगितलंय,’ हे म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. ‘खरं तसं नाही, साहेब. दाढी करताना गिऱ्हाइकावर वाकावं लागतं. सगळा भार अंगठ्यावर येतो. अंगठा नसला की तोल जातो. एकदा गेला. एक जण डोळे मिटून, मान वर करून निवांत बसलेला, आणि मी कलंडलो. वस्तरा त्याच्या गळ्याला चाटून गेला आणि आरशावर आदळला. त्याला कळलंही नाही. उठताना म्हणाला, कसं काय? मी म्हटलं...’

तो शब्द काही ह्यांच्या तोंडातून निघेना.

आरशाचा तो तडा! मांजराने बाटली पाडली, असं मला सांगितलं होतं. त्या मांजराला मी वर्षभर शिव्या घातल्यात हो.

‘तेव्हापासून वस्तरा खणात आहे,’ हे म्हणाले. ‘वडिलांनी हातात दिलेला. रोज पुसून ठेवतो. माणूस आपला गळा माझ्या हातात देतो, मॅडम, आणि मला माझ्याच हाताची भीती वाटते. आणि पाय दुखतो. फार दुखतो.’ या वेळी हसले नाहीत.

माईकसुद्धा गप्प होता. न्यायाधीशबाईंनी खाली मान घालून बराच वेळ लिहिलं. मग विचारलं, ‘आणखी काही सांगायचंय?’

‘साहेबांचा डावा कल्ला जरा लांब आहे,’ हे म्हणाले.

वकिलांचा हात आपसूक कानाकडे गेला. न्यायाधीशबाईंनी खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि सांगितलं, दावा पुढे चालेल.

वकीलबाई नाचायचीच बाकी होती. ती पुढची तारीख घ्यायला पळाली आणि आम्ही दोघं बाहेरच्या बोळात राहिलो. हे बाकावर बसून बुटावरूनच पाय चोळत होते.

‘मांजराबद्दल रागावलीस?’

मी नाही म्हणून मान हलवली. बोलले असते तर रडले असते.

‘अगं, मी काय विचारतोय? तू कशी आहेस?’

सांगायचं केवढं होतं. हे न्हाणीघरात गेले की मी दाराबाहेर कान लावून उभी राहते, आत धप्प आवाज येईल म्हणून. ह्यांना झोप लागली की पांघरूण सारून दुसऱ्या पायाची बोटं तपासते. दुकानातून यायला जरा उशीर झाला की मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन वाट बघते.

‘मजेत,’ मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाकावर जरा सरकून मला जागा केली.

‘खरं सांग,’ म्हणाले.

मी बसले, आणि सांगायला लागले.